'घोस्ट इन द शेल' (१९९५): समीक्षा लिहिताना कथासार आणि 'माणूस म्हणजे काय?' यांच्या पलीकडे कसं जायचं?

अर्धविराम

मामोरु ओशिई यांच्या १९९५च्या 'घोस्ट इन द शेल'वर साधारण १५०० शब्दांची समीक्षा लिहायची आहे. मसुदा तयार आहे, पण त्यातले ९०० शब्द गोष्ट सांगण्यातच संपलेत. उरलेल्या ६०० शब्दांत 'माणूस कशामुळे माणूस?', 'आठवणी खोट्या निघाल्या तर आपण कोण?' असे प्रश्न आहेत. प्रश्न चुकीचे नाहीत, पण चित्रपटाचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही सायबॉर्गपटाचं नाव घातलं तरी एकही वाक्य बदलावं लागणार नाही. घोडं तिथेच अडलंय.

शिवाय तीन गोष्टींचा निर्णय होत नाही. एक, या चित्रपटातला बराचसा विचार पात्रांच्या तोंडून येतो. त्याची तपासणी तत्त्वज्ञान म्हणून करायची की संवादलेखन म्हणून? दोन, मधोमध तीन-सव्वातीन मिनिटं नुसतं शहर, पाऊस आणि कालवे दिसत राहतात, कथा तसूभरही पुढे सरकत नाही. त्याला संथ म्हणून सोडून द्यावं का? तीन, 'घोस्ट' (माणसाच्या आतला 'मी', असा या चित्रपटातला अर्थ) या शब्दासाठी मराठीत 'आत्मा' लिहिलं की काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

शेवटासकट सगळं उघड लिहिलंत तरी चालेल.

---

चौकटीबाहेर

नाव खोडून बघायची कसोटी तुम्हीच काढली आहे, ती प्रत्येक परिच्छेदाला लावा. जो परिच्छेद नाव खोडूनही तसाच उभा राहतो, तो काढून टाका. ९०० शब्दांचं कथासार १५० वर आणा. वाचकाला एवढंच लागतं: २०२९ साल, जवळजवळ पूर्ण कृत्रिम शरीर असलेली मेजर मोतोको कुसानागी, ती काम करते ते सरकारी सुरक्षा पथक 'सेक्शन ९', आणि लोकांच्या मेंदूत शिरून त्यांना वापरणारा 'पपेट मास्टर', जो शेवटी माणूस नसून माहितीच्या जाळ्यात उपजलेलं काहीतरी निघतो. बाकीचं ज्या प्रसंगाबद्दल लिहाल तिथे ओघात येईलच.

आता मुख्य गोष्ट. तत्त्वचिंतक म्हणवणाऱ्या चित्रपटात पात्रं स्वतःच विचार बोलून दाखवतात, आणि समीक्षक तेच उतरवून घेतो. पात्राचं म्हणणं म्हणजेच चित्रपटाचं म्हणणं असं धरून चाललं की समीक्षा तिथेच संपते. म्हणून चित्रपट तीनदा बघा. पहिल्यांदा न थांबता, सलग. तसाही तो दीड तासापेक्षा लहान आहे. दुसऱ्यांदा वही घेऊन, पाच रकाने आखून: वेळ, जागा, कोण काय बोलतं, त्याच वेळी पडद्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं. तिसऱ्यांदा फक्त निवडलेले चार प्रसंग, आवाज पूर्ण बंद करून. मग वहीतला तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून वाचा. बोलणं एकीकडे ओढतंय आणि चित्र दुसरीकडे, अशा जागांवर खूण करा. या चित्रपटाचा स्वतःचा विचार त्या खुणांमध्ये सापडतो.

नावेवरचा प्रसंग घ्या. मोतोको पाण्यात बुडी मारून वर येते. संवादात ती 'मी' कशाकशाची बनली आहे त्याची यादी देते: चेहरा, आवाज, जाग आल्यावर दिसणारा हात, लहानपणीच्या आठवणी, जाळ्यातून मिळणारी माहिती. सगळी भाषा सुट्या भागांची. पण चित्र बघा. जड कृत्रिम शरीर पाण्यात सावकाश वर सरकतंय, वरून तिचंच प्रतिबिंब खाली येतंय आणि पृष्ठभागावर दोन्ही एकमेकींना भिडतात. शब्द 'मी'चे तुकडे करत असताना चित्र दोघींची एक होते असं दाखवतं. शेवटी मोतोको आणि पपेट मास्टर एकरूप होतात, त्या विलीनीकरणाचा आराखडा निम्म्या चित्रपटाच्या आतच पाण्यावर काढून ठेवलेला आहे. आणि तरंगणी निकामी झाली तर हे शरीर दगडासारखं तळाला जाईल, ही माहितीही याच प्रसंगात मिळते. म्हणजे 'शरीर बदलता येतं' हे म्हणणं आणि 'शरीर बुडतं' ही वस्तुस्थिती एकाच नावेत बसलेली आहेत.

याच प्रसंगातलं एक वाक्य बहुतेक समीक्षांमधून निसटतं. सेक्शन ९ सोडायचं ठरवलं तर सायबॉर्ग शरीर सरकारला परत करावं लागेल, आणि कामाच्या आठवणीही. इथे 'मी कोण?' हा प्रश्न एकदम 'मी कोणाच्या मालकीची?' असा होतो. तुमच्या ६०० शब्दांमध्ये हे वाक्य नसेल तर आधी ते घाला.

मधला शहराचा तुकडा संथ आहे का, हे मोजून ठरवा. शॉट मोजा, एकूण सेकंदांना त्या संख्येने भागा, म्हणजे एक शॉट सरासरी किती टिकतो ते कळेल. तेच आधीच्या कचरागाडीच्या पाठलागाचं करा. दोन आकड्यांमधली तफावत हा तुमचा पुरावा. मग प्रत्येक शॉटसमोर तीन खुणा करा: पाणी आहे का, काच किंवा प्रतिबिंब आहे का, माणसासारखं दिसणारं पण माणूस नसलेलं काही आहे का. दुकानातले पुतळे तुम्हाला आठवत असतील. त्याहून महत्त्वाचा आहे वरच्या मजल्यावरच्या काचेआडून दिसणारा मोतोकोचाच चेहरा. ही बाई तिची बहीण नाही, एकाच साच्यातलं दुसरं शरीर आहे. लगेच आधी नावेवर 'माझं वेगळेपण कशात?' अशी चर्चा झालेली असते आणि शहर त्यावर एक जुळी समोर आणून बसवतं, तेही एक शब्द न उच्चारता. कथा पुढे सरकत नाही हे खरं, युक्तिवाद मात्र सरकतो.

तरीही कंटाळवाणा वाटला तर तसं लिहायला हरकत नाही. फक्त कुठल्या शॉटपासून आणि का, ते सांगा. 'पाणी, काच आणि पुतळे एकच गोष्ट तीनदा सांगतात' हा आक्षेप टिकेल. 'संथ आहे' हा टिकणार नाही.

अॅनिमेशनबद्दल किमान एक परिच्छेद हवाच, नाहीतर हा लेख चित्रपटाबद्दल न होता पटकथेबद्दल होतो. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी जपानी अॅनिमेशनमध्ये एकेक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम टिकवतात. तीन धरल्या तर सेकंदाला ८ चित्रं पडतात. संवादाच्या प्रसंगांत त्याहूनही कमी: चेहरा जागच्या जागी, फक्त ओठ हलतात. इतरत्र ही निव्वळ काटकसर असते. इथे मोतोकोचे डोळे बघा, ती जवळजवळ पापणी लववत नाही. बाहुलीपण तिच्याबद्दल कोणी बोलायच्या आधी चित्रातच आलेलं असतं. प्लेअरवर एकेक फ्रेम पुढे नेत तिच्या दोन संवादांमध्ये आणि तिचा जवळजवळ पूर्ण माणूस असलेला सहकारी तोगुसा याच्या दोन संवादांमध्ये पापण्या मोजा, आणि ते आकडे लिहा. विशेषणांपेक्षा ते जास्त काम करतील.

---

कानसेन

वर पाचवा रकाना 'काय ऐकू येतं' असा आहे, पण त्याबद्दल पुढे काहीच आलं नाही. त्याआधी एक सूचना: तुम्ही नेमकी कुठली आवृत्ती बघताय ते पहिल्या परिच्छेदातच नोंदवा. इथे चुका होतात आणि त्या मोठ्या असतात.

संगीतकार केन्जी कावाई यांचं समूहगान चित्रपटात तीनदा येतं. सुरुवातीला शरीर घडताना, मधल्या शहरदर्शनात, आणि अगदी शेवटी श्रेयनामावलीवर. शब्द प्राचीन जपानी वळणाचे आहेत आणि गाणं लग्नाचं आहे. म्हणजे कारखान्यात एक शरीर तयार होत असताना पार्श्वभूमीला विवाहगीत वाजतंय आणि लग्न लागतं ते थेट शेवटी, दोन चेतनांचं. पण त्या काळी परदेशात गेलेल्या इंग्रजी आवृत्तीत श्रेयनामावलीवर हे गाणं नाही, तिथे एक पाश्चात्त्य गाणं घातलं आहे. ती प्रत बघून 'गाण्याचा धागा मध्येच सुटतो' असं लिहिलंत तर तो आक्षेप दिग्दर्शकावर नाही, प्रतीवर जाईल.

२००८ साली 'घोस्ट इन द शेल २.०' नावाने नवी आवृत्ती आली. तिच्यात सुरुवातीसह काही भाग संगणकीय चित्रांनी बदलले, रंगछटा बदलली, आवाज नव्याने मिसळला. सगळ्यात दूरगामी बदल म्हणजे पपेट मास्टरचा आवाज. १९९५मध्ये बाईच्या शरीरातून पुरुषाचा खर्जातला आवाज येतो, २००८मध्ये बाईचाच येतो. शेवटच्या संवादात कोण बोलतंय आणि कोणाच्या तोंडून, ही गुंतागुंत मूळ आवृत्तीत नुसत्या आवाजामुळे उभी राहते. नव्या आवृत्तीत ती विरते. लिंगभावाबद्दल लिहिणार असाल तर हा फरक टाळून चालणारच नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजी डबिंगची. अगदी सुरुवातीला मोतोको छतावर असताना तिच्या डोक्यात खरखर का आहे असं तिचा सहकारी बातो विचारतो. जपानीत ती पाळी चालू असल्याचं सांगते. गर्भाशय नसलेल्या शरीराचं हे उत्तर, त्यात चेष्टा आहे आणि बोचही. इंग्रजी डबिंगमध्ये तिथे एखादी तार सैल झाली असावी असं वाक्य आहे. पुनरुत्पादनावर संपणाऱ्या चित्रपटाच्या पहिल्याच संवादातला पुनरुत्पादनाचा उल्लेख त्यात गायब होतो. म्हणून संवाद उद्धृत करताना जपानी ध्वनिपट्टी आणि उपशीर्षकंच धरा, तीही शक्यतो दोन वेगळ्या भाषांतरांशी ताडून.

---

तर्ककर्कश

पहिल्या प्रश्नाबद्दल: संवाद तत्त्वज्ञान म्हणून तपासा, नक्की तपासा. चित्रपट जर युक्तिवाद मांडतोय, तर त्याला युक्तिवादाच्या फुटपट्टीने मोजणं हा त्याचा मानच आहे. फक्त 'सखोल' आणि 'विचारप्रवर्तक' हे शब्द लेखातून हद्दपार करा आणि विधानं सुटी करून लिहा.

कचरागाडीवाल्याचा प्रसंग घ्या. त्याला वाटतं, बायको घटस्फोट मागतेय आणि मुलगी दुरावलीय. चौकशीत कळतं की तो दहा वर्षं एकटाच राहतोय, बायको-मुलगी कधी नव्हतीच. ज्या फोटोत त्याला मुलगी दिसत होती त्यात ती नाहीच. आता 'आठवणी म्हणजेच माणूस' हे चित्रपटाचं मत आहे असं बहुतेक जण लिहितात. तसं असेल तर त्या क्षणी तो खरोखरच एक नवरा आणि बाप झालेला आहे, त्याच्यावर अन्याय झालाच नाही. पण चित्रपट तर त्याला लुबाडलेला माणूस म्हणून दाखवतो. म्हणजे चित्रपटाला नुसती आठवण पुरत नाही, ती घडलेल्या गोष्टीची आठवण असावी लागते.

तत्त्वज्ञानातला हा जुना वाद आहे. जॉन लॉकने १६९४मध्ये व्यक्तीची ओळख स्मृतीच्या सलगपणावर टेकवली. जोसेफ बटलरने १७३६मध्ये त्यावर बोट ठेवलं: 'माझी' खरी आठवण कुठली हे ठरवायलाच आधी 'मी' कोण ते ठरलेलं असावं लागतं, मग स्मृतीने 'मी' कसा सिद्ध होणार? कचरागाडीवाला म्हणजे बटलरचा आक्षेप हाडामांसात उभा केलेला आहे. आणि लगेच बातो म्हणतो की खरं काय आणि आभास काय, शेवटी सगळी माहितीच. हे वाक्य बऱ्याच ठिकाणी चित्रपटाचं ब्रीद म्हणून छापलं जातं. प्रत्यक्षात समोर बसलेला माणूस त्या वाक्याला खोटं पाडत असतो. चौकटीबाहेर यांनी सांगितलेली 'बोलणं एकीकडे, चित्र दुसरीकडे' ही खूण इथे करा.

माझा खरा आक्षेप शेवटच्या युक्तिवादावर आहे. पपेट मास्टरचं म्हणणं असं मांडता येतं. मी सजीव आहे. सजीव वंश वाढवतो आणि मरतो. मी माझ्या प्रती काढू शकतो, पण सगळ्या प्रती सारख्या असल्याने एकच विषाणू सगळ्यांना संपवेल. म्हणून मला वैविध्य हवं. म्हणून तुझ्याशी एकरूप व्हायचं आहे.

तिसऱ्या विधानापासून चौथ्यापर्यंत ठीक आहे. चौथ्यापासून पाचव्याकडे उडी आहे. निसर्गात जिवाणू विभाजनाने वाढतात, दुसऱ्याशी एकरूप न होता, आणि प्रती काढताना होणाऱ्या चुकांमधून त्यांच्यात वैविध्य येतं. स्वतःच्या प्रतीत फेरफार करणं प्रोग्रॅमला तर आणखी सोपं असायला हवं. मग मोतोकोच का हवी? चित्रपटाचं उत्तर 'आपण आरशातल्या प्रतिमेसारखे आहोत' असं येतं. पण हे उत्तर त्याच्याच गरजेच्या विरुद्ध आहे. वैविध्य हवं असणाऱ्याने आपल्यासारखंच कोणी का निवडावं?

याला बचाव आहे आणि तोही लेखात द्यायला हवा. त्याला हवं आहे ते निव्वळ वैविध्य नाही, मरण हवं आहे. प्रत काढली की मूळ उरतं. एकरूप झालं की उरत नाही. परत फिरता येत नाही, आणि त्याच्या दृष्टीने सजीव असण्याची खूण हीच. असं वाचलं तर युक्तिवाद टिकतो, पण मग वैविध्याचं भाषण अर्ध्याहून जास्त अनावश्यक ठरतं. यातली कुठली बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. दोन्ही बाजू गोंजारून सोडून देऊ नका.

आणखी एक. 'मी मीच राहीन याची हमी काय?' असं मोतोको विचारते, आणि हमी नाही असं उत्तर मिळतं: माणसं बदलतच असतात, आहे तसंच राहायची इच्छाच तुला बांधून ठेवते. उत्तर देखणं आहे. पण रोज थोडं बदलणं आणि एका झटक्यात दुसऱ्यात मिसळणं या एकाच गोष्टी आहेत का? बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचा एकेक भाग सांगत 'हाच रथ का?' विचारलं, तेव्हाही सुट्या भागांना 'रथ' म्हणायचा व्यवहार शिल्लक राहत होता. इथे दोन रथ एकत्र जोडायचे आहेत, आणि नेमबाज हेलिकॉप्टरमधून नेम धरून आहेत. इतक्या मोठ्या निर्णयाला विचार करायला मिळालेला वेळ घड्याळ लावून मोजा आणि तिचा होकार कुठल्या फ्रेममध्ये नोंदवला आहे ते शोधा.

---

मृगशीर्ष

'आत्मा' का खटकतो ते सांगते. आपल्याकडे आत्मा म्हटलं की तो अविकारी असतो. शस्त्रं त्याला छेदत नाहीत, तो मरत नाही. चित्रपटातल्या 'घोस्ट'मध्ये बाहेरून घुसता येतं, त्यात खोट्या आठवणी भरता येतात, तो दुसऱ्यात मिसळतो, आणि पपेट मास्टर तर स्वतःहून मरण मागतो. 'आत्मा' लिहिलंत की वाचक नकळत सगळं उत्तर आधीच घेऊन बसतो आणि चित्रपटाचा प्रश्नच पुसला जातो. 'मन' फार रोजचं आहे. 'चैतन्य' म्हटलं की ते सगळीकडे भरून राहिलेलं होतं, कुणा एकाचं राहत नाही. 'जीव' त्यातल्या त्यात जवळचा, कारण जीव जातो, टांगणीला लागतो, एकमेकांत गुंततो.

तरीही 'घोस्ट' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. जपानी पात्रंसुद्धा हा शब्द इंग्रजीच वापरतात, त्यांच्या भाषेतला आत्म्यासाठीचा शब्द वापरत नाहीत. त्यांनाही तो परकाच ऐकू येतो आणि तो परकेपणा अर्थाचा भाग आहे. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९मध्ये देकार्तच्या मन-शरीर विभागणीची खिल्ली उडवायला केला होता: यंत्रात बसलेलं भूत. पुढे आर्थर कोस्लरने १९६७मध्ये तो पुस्तकाच्या नावात घेतला आणि तिथून तो मसामुने शिरो यांच्या मंगाच्या, म्हणजे ज्या जपानी चित्रकथेवर हा चित्रपट बेतला आहे तिच्या, शीर्षकात उतरला. पण मंगाच्या जपानी नावात, 'कोकाकु किदोताई'मध्ये, भूत नाहीच. आक्रमक कवच आणि फिरतं पथक एवढंच आहे. कवच नावात आणि घोस्ट उपरा, हा मुद्दा तुमच्या लेखात छान बसेल.

'घोस्ट-हॅक'साठी (बाहेरून कुणाच्या घोस्टमध्ये घुसणं) 'झपाटणं' वापरायचा मोह होईल, पण सांभाळून. झपाटलेल्या माणसाला दुसरं कोणी चालवतं. कचरागाडीवाल्याला कोणी चालवत नाही. त्याला फक्त खोटं कारण दिलं गेलंय, बाकीचं तो आपल्याच बुद्धीने, आपल्याच हाताने करतो. भयानक आहे ते हेच. 'पपेट मास्टर'ला 'सूत्रधार'ही नको, आपला सूत्रधार नाटक सुरू करून देतो आणि बाजूला होतो. 'बाहुल्या खेळवणारा' हे जपानी 'निंग्योत्सुकाई'च्या जवळ जातं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. मसुदा पाडून नव्याने बांधायला घेतलाय. सुरुवात आता अशी आहे:

'या चित्रपटातली माणसं सांगत राहतात की शरीर हे निव्वळ कवच, बदलता येण्यासारखं. पण कॅमेरा त्या कवचावरून हलायला तयार नाही. ते पाण्यात कसं जड होतं, रणगाड्याचं झाकण उचकटताना दंडाचे स्नायू कसे फुगतात आणि हात खांद्यापासून कसे निखळतात, हे तो जवळून बघत राहतो. बोलणं आणि बघणं यांच्यातली ही फारकत चित्रपटाला सुटलेली नाही, आणि म्हणूनच तो तीस वर्षांनीही जुना झालेला नाही.'

दोन शंका उरल्या. नग्नतेबद्दल काय लिहावं? आणि भिंतीवरच्या जीवनवृक्षावर रणगाडा गोळ्या झाडतो, ते प्रतीक फार ढोबळ आहे असं म्हटलं तर चालेल का?

---

चौकटीबाहेर

परिच्छेद चांगला आहे. 'तीस वर्षांनीही जुना झालेला नाही' मात्र काढा. तुमच्याच कसोटीवर ते नापास होतं.

नग्नतेबद्दल 'कलात्मक' किंवा 'वस्तूकरण' असा एका शब्दात निकाल देऊ नका. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी नोंदवा: कॅमेरा कुठे आहे, आणि दृश्यातलं कोण बघतंय. शरीर घडतानाच्या दृश्यात बघणारं कोणी पात्रच नाही, फक्त आपण. नावेवर ती पोशाख उतरवायला लागते तेव्हा बातो मान वळवतो. पुढेही तो तिच्यावर आपला कोट टाकतो. तिला स्वतःला या शरीराची लाज नाही, कारण ते सरकारी सामान आहे. लाज बातोला वाटते, म्हणजे त्याच्या लेखी ते कवच नाही, ती आहे. पण म्हणून कॅमेऱ्याची सुटका होत नाही: बातो नजर वळवतो तेव्हा कॅमेरा वळवतो का? शॉटनिहाय बघा. काही ठिकाणी हो, काही ठिकाणी नाही. 'नाही' आलं तिथे टीका करा.

जीवनवृक्ष ढोबळ आहेच. गोळ्यांची ओळ खोडावरून वर चढत चढत टोकाच्या 'होमिनिस' (लॅटिनमध्ये 'माणसाचा') या शब्दापर्यंत जाते. यात समजायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. पण ते दृश्य कुठे घडतं तेही लिहा: पाणी साचलेल्या, ओसाड संग्रहालयात, जीवाश्मांच्या सोबतीत. माझ्या मते जागा जेवढं सांगते तेवढं पुरेसं होतं, गोळ्यांनी ते पुन्हा खडूने गिरवलं.

---

तर्ककर्कश

इथे असहमत. गोळ्या कोण झाडतंय ते बघा. रणगाडा. आत माणूस नसलेलं, 'घोस्ट' नसलेलं यंत्र उत्क्रांतीचा तक्ता खोडून काढतंय, आणि त्याच्यासमोर जी उभी आहे ती पुढच्या पाच-दहा मिनिटांत त्या तक्त्यात नसलेली फांदी होणार आहे. प्रतीक ढोबळ असेल, पण ते दोन्हीकडून चालतं: माणूस संपला असंही, आणि वर जागा मोकळी झाली असंही. तुम्ही आक्षेप घ्या, फक्त दुसरा अर्थ मांडून मग घ्या.

अर्धविराम, आणखी एक तपासणी. कच्च्या मसुद्यात ताचिकोमा किंवा 'लाफिंग मॅन' यांचा उल्लेख असेल तर काढा. ते 'घोस्ट इन द शेल'च्याच २००२पासूनच्या मालिकेतले आहेत. मंगात फुचिकोमा आहेत, पण या चित्रपटात बोलणारे रणगाडे नाहीत. मंगातली मोतोको खट्याळ आहे, हसते, चेहरे करते. तिचं वागणं या मोतोकोवर लादलं की पापण्यांचा सगळा मुद्दा कोसळतो. पटकथा काझुनोरी इतो यांची आहे, तेव्हा 'शिरो म्हणतात' असं जिथे लिहिलं असेल तिथे ते वाक्य खरोखर मंगात आहे का, ते पडताळा.

---

कानसेन

शेवटासाठी एक गोष्ट, कारण अर्धविराम यांच्या सुरुवातीला ती जुळेल. नावेवर रात्रीच्या शांततेत एक वाक्य ऐकू येतं, आरशात अंधुक दिसण्याबद्दलचं. ते बायबलमधलं आहे, करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १३, ओवी १२. चित्रपटाच्या शेवटी मुलीच्या शरीरातली मोतोको, ती मूल होती तेव्हा मुलासारखं बोलायची या अर्थाचं जे म्हणते, ती त्याच अध्यायातली ओवी ११. पत्रात अकरावी आधी येते, बारावी नंतर. चित्रपटाने क्रम उलटा केलाय: आधी अंधुक दिसणं, नंतर पोरपण टाकणं. आणि पोरपण टाकल्याचं सांगणारं तोंड लहान मुलीचं आहे. ती हे वाक्य आधी मुलीच्या आवाजात सुरू करते की स्वतःच्या, आणि आवाज कुठल्या शब्दाला बदलतो, हे हेडफोन लावून ऐका आणि वहीच्या पाचव्या रकान्यात वेळेसकट उतरवून घ्या.